काचेच्या कपाटातली नवरी

देणगी देणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्यात देणारे पुष्कळ पाहिले. केळी वाटायची त्यांनी आणि सालं उचलायची आम्ही. भीक नको पण कुत्रं आवर, असं अगदी ओठांवर येई. पण पगार त्यांच्याच मंडळाकडून मिळत असल्यामुळे मी गप्प बसे. तरी लीलाबाईंची गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण त्या बाईंनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं.

सदुसष्ट साल असेल. लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला एक बैठा बंगला होता. मुंबईच्या इस्पितळात कॅन्सरचे उपचार घेणारी मुलं दोन उपचारांच्या मधे तिथे हवापालटाला यायची. एका वेळी आठ-नऊ असत. त्यांना बघायला मी आणि स्वयंपाकाला शालूबाई. बंगला चालवायचं ते 'बालहर्ष मंडळ', आणि मंडळ चालवायच्या त्या लीलाबाई, लाकडाच्या वखारवाल्या हौशीरामशेठची बायको.

मुलांसाठी मुंबईहून लोक खेळणी पाठवत. चावीचं माकड, पत्र्याची आगगाडी, डुलणारा घोडा, एकापेक्षा एक. लीलाबाईंनी वखारीतलं सागवान घालून एक काचेचं कपाट करवलं, खेळणी त्यात मांडली आणि कुलपाची किल्ली आपल्या कमरेला लावली. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहुणे यायचे. तेवढ्यापुरतं कपाट उघडायचं, प्रत्येक मुलाच्या हातात एकेक खेळणं द्यायचं, फोटो निघायचा, आणि पाहुण्यांची मोटार फाटकाबाहेर पडली की खेळणी परत आत. एकदा एका पोरानं माकडाला दुसऱ्यांदा चावी दिली, तर बाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. स्प्रिंग सैल होते म्हणे.

मी एकदा धीर करून विचारलं होतं. नाकाला लावलेला रुमाल किंचित दूर करून त्या म्हणाल्या, "नर्सबाई, मुलं काय, येतात नि जातात. खेळणी टिकली पाहिजेत."

रुमाल नेहमी नाकाला असे. हा आजार हवेतून लागतो अशी त्यांची पक्की समजूत होती. मी दहा वेळा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या कार्तिकात आमच्याकडे गंगी होती. आठ वर्षांची, आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीची. गळ्याला गाठी होत्या. मुंबईला किरणांचा शेक देऊन त्या निम्म्या बसल्या होत्या, दुसरा शेक द्यायचा होता. पोरगी काटकुळी, पण जीभ अशी की शालूबाईसुद्धा तिच्यापुढे हात टेकी. कपाटातल्या निळ्या डोळ्यांच्या बाहुलीवर तिचा जीव जडला होता. रोज दुपारी काचेला नाक लावून ती तिच्याशी बोलत बसायची. काचेवर नाकाचा डाग पडायचा, आणि तो मी लीलाबाई यायच्या आत पुसायची.

गुरुवारी तिला मुंबईला न्यायचं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी तिचा आजा कोंडू भेटायला आला. कामशेतपर्यंत चालत आणि पुढे गाडीनं. गंगीनं त्याच्यासमोरच मला सांगून टाकलं, "बाई, मी मंबईला जायाची न्हाई."

"का गं?"

"त्या शेकाच्या खोलीत कुनी बी नसतं. जाड दार लावून घेत्यात. आन् वार्डात बी माझ्यापाशी कुनी न्हाई. समद्यांच्या आया हायेत." मग काचेकडे बोट दाखवून म्हणाली, "ती संग येनार असंल तर जाईन."

आई तिची नुकतीच बाळंत झालेली, बाप लोकांच्या भातकापणीवर. पुरुषाला बायकांच्या वॉर्डात रात्री राहू देत नसत. शेवटी कोंडू म्हणाला, "नर्सबाई, रडत्या पोरीला वढत न्हेयाची माझ्यानं हुयाची न्हाई. वाडीवं घिऊन जातो."

वाडीवर नेली तर गाठी पुन्हा वाढणार, हे मला कळत होतं. मग पोर हातची जाणार. मी त्याला खूप समजावलं. तो उठून कपाटापाशी गेला, बाहुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पोरगी लग्नाची झाली की. कवर घरात कोंडून ठिवनार?"

म्हातारा गमतीनं बोलला होता. पण गंगीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींच्या डोक्यात एकच किडा वळवळला.

कोंडूनं पांगाऱ्याचं लाकूड आणून कोयत्यानं एक नवरा कोरला. नवरा कसला, ध्यान होतं. एक पाय आखूड, नाक मुळीच नाही. शालूबाईनं त्याला पिवळ्या चिंधीचा फेटा बांधला. रविवारी लीलाबाई आल्या तशी मी कोंडूला पुढे केलं.

"बाईसाहेब," तो हात जोडून म्हणाला, "तुमच्या पोरीला मागनी घालाया आलोय. नवऱ्याची आई ही गंगी."

लीलाबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण मला त्यांची दुखरी नस माहीत होती. त्यांना तीन मुलगे. तिघांच्याही लग्नात वरमाय म्हणून मिरवल्या, हुंडा मोजून घेतला. पण मुलगी नाही, त्यामुळे कन्यादान घडलं नाही, ही खंत त्या येताजाता बोलून दाखवायच्या. मी नुसतं म्हटलं, "बाई, बाहुलीचं का होईना, कन्यादान ते कन्यादान."

बाईंचा रुमाल खाली आला.

"मुलगा करतो काय?" त्यांनी विचारलं.

"दारू पीत न्हाई, तंबाकू खात न्हाई, उलटून बोलत न्हाई," कोंडू म्हणाला. "असा जावाई सोधून घावायचा न्हाई."

"म्हणजे मुका आहे की काय!"

"तुमची पोरगी तरी कुटं बोलती?" गंगी मधेच म्हणाली.

लीलाबाई चक्क हसल्या. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग कोंडूनं टोपलीतून एक तांबडी कोंबडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आमच्यात पोरगी फुकट आनीत न्हाईत. देज द्यावं लागतं. ही घ्या, म्हंजी बोलनं पक्कं झालं."

"अगंबाई! आमच्यात उलटं असतं," असं म्हणत बाईंनी कोंबडी मोटारीत ठेवून घेतली. गरिबाचं मन कशाला मोडा, असं मला हळूच म्हणाल्या. मी मान डोलावली आणि तोंड फिरवून हसले.

तुळशीचं लग्न नुकतंच लागलं होतं, त्यामुळे मुहूर्ताची अडचण नव्हती. बुधवारी गोरज ठरला. लीलाबाईंना एकदा हौस चढली की ती आवरता आवरत नसे. घरचे भटजी आणले. बाहुलीला जरीच्या काठाची साडी शिवली. रुखवतात चिमुकले लाडू, चिमुकल्या करंज्या. हौशीरामशेठना काळा कोट घालून पाटावर बसवलं. ते बिचारे सारखे करंज्यांकडे बघत होते. मुलांनी माकडाला चावी देऊन वाजंत्री केलं, त्या दिवशी स्प्रिंगचं कुणी नाव काढलं नाही. केस गेलेली, हात सुयांनी काळेनिळे झालेली ती पोरं अक्षता टाकताना इतकी ओरडत होती की भटजींची मंगलाष्टकं त्यांची त्यांनाही ऐकू येईनात.

मग विहिणीचे पाय धुवायची वेळ आली. विहीण म्हणजे गंगी. पाटावर पाय सोडून ती अशा तोऱ्यात बसली होती की विचारू नका. लीलाबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या आणि थबकल्या. मला वाटलं, आता रुमाल निघतो. पण त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी त्या पोरीचे पाय धुतले, पदरानं पुसले. पाय फार बारीक होते. बाई पुसताना मधेच थांबल्या.

कन्यादानाचं पाणी सुटलं, डोळेही पाणावले, आणि सगळं आटोपल्यावर बाईंनी डोळे पुसत कमरेची किल्ली काढली. "चला, आता दोघांना कपाटात ठेवू."

"न्हाई," गंगी म्हणाली. "सून उद्या माझ्यासंग मंबईला चाललीया."

"वेडी का काय! मंडळाची बाहुली आहे ती. बंगल्याबाहेर जायची नाही."

"विहीणबाई," कोंडू शांतपणे म्हणाला, "देज घेतलंय तुमी. पोर धाडायची नसंल तर आमची कोंबडी माघारी द्या."

"देते की! अहो, ती कोंबडी..."

हौशीरामशेठनी आढ्याकडे पाहायला सुरुवात केली.

"अहो!"

"सोमवारी तुझा उपास होता," शेठ म्हणाले. "माझा नव्हता."

शालूबाई पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. लीलाबाई लालबुंद झाल्या आणि भटजींकडे वळल्या. भटजीही खट. म्हणाले, "बाई, मंत्र मी खरे म्हटले, पाणी तुम्ही खरं सोडलंत. आता देवाला काय कळवू, खेळ होता म्हणून?"

बाई माझ्यावर उलटल्या. सगळं कुणाचं कारस्थान आहे, हे न कळण्याइतक्या त्या साध्या नव्हत्या. "नर्सबाई, नोकरी जड झाली का तुम्हाला? आणि उद्या ही मुंबईहून परत आली नाही म्हणजे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या बाहुलीविषयीच बोलत होत्या, पण शब्द बाहेर पडले आणि आम्हा सगळ्यांना त्यात दुसरंच ऐकू आलं. त्यांनाही आलं. चेहरा पांढराफटक पडला.

गंगीनं मात्र बाहुलीचा पदर सारखा केला आणि मोठ्या बायकांसारखी म्हणाली, "लगीन झाल्याली पोर माघारी आली, तर लोक नावं ठिवत्यात."

कुणाला हसावं की रडावं कळेना. लीलाबाई मोटारीत जाऊन बसल्या. करंजी तोंडात असलेले शेठ त्यांच्या मागोमाग.

रात्रभर मी धुमसत होते. नोकरी गेली तर जाऊ दे, पण सकाळी या बाई चौकीदार पाठवून बाहुली मागवतील, पोर हट्टाला पेटेल आणि म्हातारा तिला वाडीवर नेईल, या धास्तीनं मला झोप लागली नाही. उजाडताच मी गंगीला आणि कोंडूला घेऊन स्टेशन गाठलं. मुंबईपर्यंत पोचवायला मी जाणार होते. दुपारच्या गाडीनं परत. बंगल्यात आठ मुलं होती, शालूबाई एकटी किती बघणार?

गाडी यायला दहा मिनिटं होती, तेवढ्यात जिन्यावर लीलाबाई दिसल्या. मागे हौशीरामशेठ, खांद्यावर वळकटी. मी पटकन गंगीच्या हातातून बाहुली घेतली आणि माझ्या पदराखाली दडवली. निळे डोळे पोटाला टोचत होते.

"काढा ती बाहेर, नर्सबाई," लीलाबाई म्हणाल्या. "पदराखाली सासुरवाशीण गुदमरेल."

"बाई, मी तुमच्या पाया पडते, पण..."

"माझ्या पाया नंतर पडा. तुम्ही बंगल्यावर जा. मुलांची औषधं चुकतील." त्यांनी शेठच्या खांद्यावरची वळकटी उतरवून घेतली. "मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा एकटी धाडत नाहीत. आमच्यात पाठराखीण द्यायची रीत आहे. आणि रीत म्हणजे रीत, का हो व्याही?"

कोंडूनं हात जोडले. मी तिथे प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. इतकी वर्षं माणसं ओळखते म्हणून मिरवत होते.

"वॉर्डात रात्री खाली झोपावं लागतं, बाई," मी म्हटलं.

"वळकटी काय शोभेला आणलीय?"

गाडी आली. शेठनी त्यांना बायकांच्या डब्यात चढवलं. लीलाबाई खिडकीशी बसल्या, गंगी त्यांना चिकटून, आणि मांडीवर तो बिननाकाचा नवरा आणि त्याची बायको. रुमाल कुठे दिसला नाही.

गाडी सुटायची होती, मी खिडकीपाशीच उभी होते. गंगीनं लीलाबाईंच्या बाहीला ओढलं. "पाठराखीन किती दीस ऱ्हाती वो?"

"मुलगी सासरी रुळेपर्यंत," बाई म्हणाल्या.

गंगीनं बाहुली छातीशी धरली आणि हलकेच सांगितलं, "माजी सून लय लाजाळू हाय. लय दीस लागत्याल तिला."