टाकीवर कोरलेले नाव

जुन्नरच्या जुन्या पेठेत, जिथून मान वर केली की शिवनेरीचा कडा दिसतो, तिथे मेहबूबभाईंचे जोडकामाचे दुकान आहे. विजेच्या ठिणगीने लोखंड जोडणारे कारागीर आता गावोगावी झाले आहेत. परंतु पितळ आणि तांबे यांची जोड ज्योतीनेच करावी लागते, आणि ती ज्योत हाताळणारा हात त्या भागात त्यांचा एकट्याचाच उरला होता. ज्योतीला दोन वायू लागतात. पैकी एक ते कार्बाईडच्या खड्यांवर पाणी सोडून दुकानातच सिद्ध करीत. दुसरा प्राणवायू. तो मात्र पोलादी टाकीत दाबून भरलेला, बाहेरूनच आणावा लागे.

ही टाकी त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती, आणि ही गोष्ट वाटते तेवढी लहान नव्हती. बहुतेक कारागीर व्यापाऱ्याची टाकी भाड्याने घेतात. रिकामी देतात, भरलेली उचलतात. व्यापाऱ्याने हात आखडला की त्यांची ज्योत विझते. मेहबूबभाईंच्या ज्योतीवर असे कोणाचे स्वामित्व नव्हते. ती टाकी घेता यावी म्हणून त्यांच्या पत्नीने, नूरजहाँबींनी, लग्नात मिळालेली तांब्याची भांडी मोडीत घातली होती. हंडा, घागर, परात, प्रत्येकावर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बारीक ठिपक्यांनी त्यांचे नाव घातलेले होते. भांडी गेली त्या दिवशी तरुण मेहबूबांनी छिन्नी आणि हातोडी घेतली आणि नव्या टाकीच्या पोटावर तेच नाव खोल अक्षरांत कोरले. भांड्यावर नाव घालावे, तसेच. त्यात काही वावगे असेल असे त्यांना वाटले नाही, आणि पाहणाऱ्या कोणालाही वाटले नाही.

अशा टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली परीक्षा व्हावी लागते. ती उत्तीर्ण झाली की तारीख तिच्या खांद्यावर ठोकतात, आणि त्या तारखेवाचून वायू भरणारा कोणताही कारखाना तिला नळी लावीत नाही. आजवर हे सारे एक वृद्ध व्यापारी आपल्या टाक्यांच्या घोळक्यात परस्पर करून आणीत. टाकीवर काळ्या रंगाचे थरावर थर चढत गेले, अक्षरे त्याखाली बुजली, आणि कोणी कधी निरखून पाहिले नाही. ते वृद्ध व्यापारी निवर्तले. टाकी रिकामी झाली तेव्हा खांद्यावरच्या तारखेची मुदतही सरलेली होती.

मेहबूबभाई नारायणगावला सुनीलकडे गेले. सुनील हा नवा व्यापारी. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाड्याच्या टाक्या रांगेने उभ्या असत, आणि शेजारीच दुरुस्तीचे कामही चाले.

"खाजगी टाकी मी न्हाई पाठवत, भाई," सुनील म्हणाला. "कुणाची, कुठली, मला काय ठाऊक? उद्या काय झालं तर माझं लायसन जायचं."

"मग तुझी एक दे. सीझनपुरती."

"देतो की. पण टाकी माझ्या शेडच्या बाहेर जाणार न्हाई. टंचाई लई हाये. तुमी इथं या, इथंच काम करा. माझ्या पोरांना वेल्डिंग येतं, पितळ न्हाई येत. परवा एकानं पंपाचं हेड पार जाळून टाकलं."

"आन माझं दुकान?"

"दुकान कुठं पळून चाललंय? राहील तिथंच."

मेहबूबभाई परतले. आयुष्यभर स्वतःच्या उंबऱ्याआत काम केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या छपराखाली उभे राहावे लागणार होते, आणि एकदा बंद झालेल्या दुकानाचे गिऱ्हाईक पुन्हा फिरून येत नाही हे ते जाणून होते.

दुसऱ्या दिवशी खोडदचा संपत आला. त्याची द्राक्षबाग तिथल्या विराट रेडिओ-दुर्बिणींच्या तबकड्यांच्या शेजारीच. हातात फडक्यात गुंडाळलेले फवारणी पंपाचे पितळी हेड होते. त्याला आडवी चीर गेलेली.

"मेहबूबभाई, छाटणी होऊन बाग फुटायला लागली, आन हे आता तडकलं. ढग आलेत. डावणीचा रोग आला की घड बघायला मिळायचा न्हाई. हे हेड कंपनी आता बनवतच न्हाई."

"संपतराव, जोड मारीन. पण वारा कुठून आणू?" असे म्हणून मेहबूबभाईंनी रिकामी टाकी बोटाने वाजवून दाखवली.

संपतने क्षणभर विचार केला. "माझी पिकअप हाये. खेडच्या पुढं कारखान्यांच्या वसाहतीत टाक्या तपासतात, भरायचा कारखाना बी तिथंच. चला उद्या."

"पण ते विचारतील, टाकी तुमची कशावरून?" संपतनेच शंका काढली.

याचे उत्तर मेहबूबभाईंना लगेच सुचले. मूळ खरेदीची पावती कधीच नाहीशी झाली होती. परंतु पावतीहून थोर असा पुरावा टाकीच्या अंगावरच होता. सकाळी त्यांनी टाकी दुकानापुढे आडवी घातली आणि पॉलिश कागदाने रंग घासायला बसले. काळा थर गेला, त्याखालचा गेला, आणि हळूहळू पोलादातून एक-एक अक्षर उजळ होऊन वर आले.

नूरजहाँबी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय? समद्या पेठेला माझं नाव दावायचं हाये का?"

"पेठेला न्हाई, साहेबाला."

"मग नीट घासा. नूर राहिलं आन जहाँ गेलं, असं नको व्हायला."

शेजारचा शिंपी हसला. मेहबूबभाईही हसले. त्या दिवसातले ते शेवटचे हसू होते.

परीक्षण केंद्र स्वच्छ आणि शांत होते. एका कट्ट्यावर टाक्या ओळीने निजवलेल्या, पलीकडे पाण्याचे हौद. तेथील अभियंता सुदर्शन हा तरुण होता, आणि बोलण्यात मार्दव होते.

"टाकी कोणाची, काका?"

"आमचीच. हे बघा, घरवालीचं नाव. तवाच घातलंय, घेतली तवाच."

सुदर्शन खाली वाकला. त्याने अक्षरे वाचली, आणि मग अंगठ्याचे नख पहिल्या अक्षराच्या रेषेतून फिरवले. नख अडकले. तो दुसऱ्या अक्षरावर गेला. पुन्हा अडकले. त्याने बॅटरी लावून अक्षरांच्या तळाशी पाहिले आणि बराच वेळ तो उठलाच नाही.

"मालकीचा प्रश्न नाही," तो अखेरीस म्हणाला. "टाकी तुमचीच आहे, काका. पण ही पास होणार नाही."

"अजून दाब कुठं दिलाय? पाणी भरा, बघा तर."

"दाब देण्याआधीच बाद. खुणा फक्त खांद्यावर ठोकायच्या असतात, तिथं पोलाद जाड असतं. पोटावर भिंत बारीक. छिन्नीची प्रत्येक रेघ म्हणजे एक चीर सुरू व्हायची जागा. आत केवढा दाब असतो, तुम्हाला सांगायला नको." त्याने आवाज उतरवला. "नाव रंगानं लिहिलं असतंत तर काहीच नव्हतं."

संपत पुढे झाला. "साहेब, एवढी वर्सं भरली, कधी काय झालं न्हाई."

"म्हणून तर मला भीती वाटते, दादा. आणि एक सांगतो. मी ही अजून आत घेतलेली नाही. एकदा आत घेतली की नियमाप्रमाणे बाद झालेली टाकी कापून निकामी करावी लागते. ती अख्खी बाहेर येणार नाही. तुम्ही ठरवा."

मेहबूबभाई टाकीपाशी उभे राहिले. आत गेली तर टाकी संपली. परत नेली तर ती कोणी भरणार नव्हते. जे नाव तिच्या मालकीची साक्ष देत होते, तेच तिला बाद ठरवीत होते. आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या हाताने कोरले होते, स्वतःच्याच हाताने घासून दाखवले होते. दोन्ही बाजूंनी वाट बंद झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सभ्यता येते. त्यांनी सुदर्शनला सलाम केला आणि टाकी पुन्हा गाडीत चढवली.

मंचरला चहासाठी थांबले. संपतने बशीत चहा ओतला, प्याला नाही.

"भाई, रागवू नका. तुमच्यासारखा वेल्डर असताना आपण रडतोय कशापायी? ग्राइंडर मारून अक्षरं काढा. खड्डे वेल्डिंगनं भरा. घासून साफ करा, वरून काळा रंग. नगर बाजूला दुसरं सेंटर हाये म्हणतात. तुमची जोड कुणाच्या बापाला ओळखू यायची न्हाई."

"न्हाई यायची," मेहबूबभाई म्हणाले.

त्यात गर्व नव्हता. ते सत्य होते, आणि त्याचेच त्यांना भय वाटले. मार्गातले सर्व दरवाजे बंद होते. जो एक उघडा दिसत होता त्याची किल्ली त्यांच्या स्वतःच्या कौशल्यात होती. कळंबजवळ घोड नदी ओलांडताना ते मागे वळून टाकीकडे पाहत राहिले. आभाळ खाली आले होते.

"दोन दिवसांत फवारणी झाली न्हाई तर गेली बाग," संपत पुटपुटला. तो दटावत नव्हता. त्याला ते स्वतःलाच सांगावे लागत होते.

दुपारी मेहबूबभाईंनी टाकी दुकानात घेतली. पहिल्या अक्षरावर ग्राइंडर टेकवून त्यांनी त्याची एक रेघ उडवली, आणि तिच्या जागी उथळ, चकाकता खळगा राहिला. मग विजेच्या यंत्राचा चिमटा हाती घेतला, त्यात कांडी बसवली, आणि काच तोंडापुढे धरली. कांडी पोलादापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली.

त्यांना या पोलादाचा स्वभाव ठाऊक होता. ज्योतीने वा ठिणगीने असे पोलाद तापवले की जोडीच्या कडेला ते कडक होते. दिसत काहीच नाही. पुढे केव्हातरी, भरलेली टाकी उन्हात उभी असताना किंवा खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत, ते न सांगता दगा देते.

नूरजहाँबी आतून आल्या. संपतकडून त्यांनी सारे ऐकले होते.

"रोज डोळे झाकून जोड मारता. आज हात का थांबला?"

"ही जोड कुणाला दिसणार न्हाई."

"मग झालं तर."

मेहबूबभाईंनी काच खाली घेतली नाही.

"भरून आल्यावर ठेवणार कुठं हिला?" नूरजहाँबींनी पुन्हा विचारले.

मेहबूबभाईंनी मान वळवली. टाकीची जागा ठरलेली होती, दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला लागूनच एक बुटके स्टूल होते. रोज दुपारी नूरजहाँबी त्यावर बसून भाजी निवडीत, आणि काम चालू असताना ज्योतीकडे पाठ करून गप्पा मारीत. त्या दोघांनी त्या स्टुलाकडे पाहिले. मग मेहबूबभाईंनी चिमट्यातली कांडी काढली आणि यंत्राचे बटण बंद केले.

"बाकीची अक्षरं बी उडवायची का?" नूरजहाँबींनी विचारले.

"आता आख्खीच कापायची. अशी ठेवली, विकली, तर कुणीतरी ह्येच करील, जे मी आता करणार व्हतो."

आत उरलेला प्राणवायू निघून जावा म्हणून झडपेचे तोंड उघडून त्यांनी टाकी पाण्याने भरली, पाणी ओतून दिले, आणि कापायची चकती लावली. प्राणवायूच्या ज्योतीने हे काम चुटकीसरशी झाले असते. परंतु ज्योत देणारी टाकी हीच होती. चकती किंचाळत राहिली. ठिणग्या उंबऱ्यापर्यंत जात होत्या. पेठेतली माणसे थांबत, पाहत आणि पुढे जात. अखेर टाकीचे दोन भाग होऊन जमिनीवर लवंडले, तेव्हा मेहबूबभाई खाली बसले आणि त्यांनी नाव असलेल्या भागावर हात ठेवला. पोलाद तापलेले होते, तरी हात उचलला नाही.

"एवढा तुकडा कापून ठेवू?"

"कशाला? भंगारात द्या. परात मोडीत गेली तवा मी काय नावासाठी रडत बसले व्हते?"

"बसली व्हतीस."

"गप बसा," नूरजहाँबी म्हणाल्या, आणि पदर सावरून आत निघून गेल्या. आत भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत राहिला.

सकाळी मेहबूबभाईंनी आपली ज्योतीची नळी, पितळेच्या कांड्या आणि जोड वाहती करणारा सुहागा पिशवीत घातला आणि दुकानाचे दार ओढून घेतले. सुनीलच्या शेडमध्ये काळी टाकी खांबाला साखळीने बांधलेली होती. सुनीलने स्वतः खुर्ची आणून ठेवली. "बसा भाई. आपलंच समजा."

"आपलंच," मेहबूबभाई म्हणाले, आणि उभेच राहिले.

संपतच्या पंपाचे हेड पहिले घेतले. निळी ज्योत पेटली, पितळ हळूहळू लाल झाले, सुहागा काचेसारखा वितळला आणि सोनेरी जोड चिरेतून वाहत गेली. शेडमधली पोरे आपापली कामे टाकून पाहत होती. हेड निवाल्यावर संपतने ते उलटसुलट केले, चीर कुठे होती ते त्याला सापडेना. त्याच दुपारी खोडदला त्याचा पंप सुरू झाला.

"पुढच्या सालाला नवी टाकी घेऊ, भाई," निघताना तो म्हणाला. "तुमची स्वतःची. मी येतो संगं."

"घेऊ. पण नाव खडूनं लिहायचं."

संपत हसला. मेहबूबभाई हसले नाहीत. त्याच्यामागे तीन शेतकरी आपापली तडकलेली हेडे घेऊन बसले होते, आणि सुनील चौथ्याशी फोनवर बोलत होता, "आता भाई आमच्याकडंच असतात, या कधीबी."

जुन्नरला नूरजहाँबी रोज दुकानाचे दार उघडतात, स्टुलावर बसून भाजी निवडतात, आणि कोणी फुटकी वस्तू घेऊन आले की त्याला नारायणगावचा रस्ता सांगतात. डावा कोपरा झाडून स्वच्छ ठेवलेला असतो. तिकडे शेडमध्ये काम करता करता मेहबूबभाई कधी एखादी वस्तू घ्यायला पुढे पाऊल टाकतात. नळी ताणली जाते, खांबाची साखळी वाजते, आणि ते मागे सरकून पुन्हा ज्योतीपाशी उभे राहतात.