शिडीवरचा आकडा

पल्ला = ६०
फेरी = ४
जमिनीचा कचरा = ०.२

फाईल अशी आहे. खरं तर चाळीसेक ओळींची आणि सगळी इंग्रजीत, पण या गोष्टीला तीनच ओळी लागतात, आणि त्यातही भांडण आहे ते पहिल्या ओळीशी. पल्ला म्हणजे विमानाच्या नाकात बसवलेल्या रडारला समोरचं विमान किती किलोमीटरवरून दिसू लागतं तो आकडा. विमान खोटं, संगणकातल्या खेळातलं. आकडा मात्र खऱ्या कागदावरून उचललेला.

शनिवारची दुपार. जेवणं उरकली होती. भाचीने ताटं ओट्यावर नेऊन टाकली, टेबलावर फडकं मारलं, संगणकाचे दोन पडदे मांडले आणि टेबलाच्या कडेला विमान वळवायचा दांडा स्क्रूने आवळून बसवला.

"बस मामा. आज तुला बाबांचं उड्डाण दाखवते."

"मला कशाला? मी काय नवखा आहे?"

"तू खालून पाहिलंयस. वरून कुठे पाहिलंयस?"

मामा बसला. बसताना गुडघा वाजला. हवाई दलाच्या ज्या तुकडीत तिचे बाबा वैमानिक होते त्याच तुकडीत मामा रडारचा मेकॅनिक होता. चौतीस वर्षं झाली त्याला. भाची तेव्हा दीड वर्षाची. आता चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावते, आणि सुट्टीच्या दिवशी हा खेळ. नुसती खेळत नाही. खेळातली विमानं खऱ्यासारखी वागावीत म्हणून त्यांचे आकडे दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचं एक ऑनलाइन मंडळ आहे, एकमेकांची तोंडंही न पाहिलेलं. बाबा उडवायचे त्या विमानाची फाईल मंडळात तिच्याकडे असते.

त्याच मंडळातल्या कोणा पठ्ठ्याने जुना चौकशी अहवाल वाचून बाबांचं शेवटचं उड्डाण खेळात उतरवलं होतं. तीच वेळ, तेच ढग, तीच उंची. समोरून, जमिनीला घासून येणारं शत्रूचं तेच एक विमान.

भाची उडाली. सातव्या मिनिटाला हिरव्या पडद्याच्या वरच्या कडेला एक ठिपका उमटला.

"अठ्ठावन्न किलोमीटर," ती म्हणाली. "बघ. दिसतंय की नाही?"

"दिसतंय."

"आंधळ्यालाही दिसेल." तिने विमान वळवलं, ठिपका चौकटीत पकडला, कळ दाबली. ठिपका विझला. "एक्केचाळिसावी वेळ. एकदाही चुकलेलं नाही. मी, मामा! जिला गल्लीत स्कूटर वळवता येत नाही."

मग तिने खालच्या टिपा वाचून दाखवल्या, हे उड्डाण खेळलेल्या लोकांनी लिहिलेल्या. साहेब झोपले होते काय. देखावा बघत असतील. चष्मा घरी विसरला असणार.

"ही चष्म्याची माझी," ती म्हणाली आणि हसली. हसण्यात काही दम नव्हता.

अहवालाने दोन शब्दांत निकाल लावला होता: वैमानिकाचे दुर्लक्ष. भाचीची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली ती हेच दोन शब्द बरोबर घेऊन. "लक्ष नव्हतंच त्यांचं," म्हणायची. "घरात तरी कुठे होतं?" भाचीने आईचं ऐकलं होतं, अहवाल वाचला होता, आणि वर एक्केचाळीस वेळा स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली होती.

"एवढं दिसायचं नाही," मामा म्हणाला.

ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निसटलं.

"काय?"

"साठ-बिठ काही नाही. त्या दिवशी त्या विमानाला बावीस दिसत होतं. तेही नशीब असेल तर."

"कागद?"

मंडळाचा नियमच तसा. कागद दाखव, आकडा बदल.

पल्ला = २२
फेरी = ७
जमिनीचा कचरा = ०.९

कागद नव्हता. तरी भाचीने फाईल उघडून दिली. "साधा मजकूर आहे, सामानाच्या यादीसारखा. तुला वाटेल ते भर. माझ्या संगणकापुरतंच आहे. बघू तरी."

मामा ओळींवरून बोट फिरवू लागला आणि त्याच्या आवाजात एकदम धार आली. "आकाशाची एक फेरी चार सेकंदांत? ते रडार होतं की टेबलफॅन? आणि जमिनीचा कचरा एवढासाच! कोण झाडत होतं गं जमीन?"

जमिनीचा कचरा हा मेकॅनिकांचा शब्द. रडार खाली बघू लागलं की टेकड्या, छपरं, तळी सगळंच पडद्यावर उजळतं, आणि त्या गिचमिडीत खालून येणारं विमान हरवतं. मामाने एका बोटाने तिन्ही आकडे बदलले आणि खुर्ची मागे ओढली.

भाची उडाली. सातवं मिनिट आलं, गेलं. पडदा हिरवा, गिजबिजलेला, आणि त्यात कामाचं काहीच नाही. आठवं. तिने मान पुढे काढली. दुकानात ती गिऱ्हाइकांना सांगते, डोळे बारीक करू नका. आता तिनेच केले. नवव्या मिनिटाला कानात भोंगा वाजला आणि तो थांबायच्या आत सगळा पडदा पांढरा.

ती पुन्हा उडाली. पांढरा. पुन्हा. तिसऱ्या वेळी ते कुठून येणार हे तिला पाठ होतं, तरी दिसलं नाही.

तिने कानावरचं काढून ठेवलं.

"म्हणजे ते बघत होते," ती म्हणाली. "मामा, बाबा बघत होते."

"हो."

"आणि मी चष्म्याचा विनोद केला."

मामाने तिच्या डोक्याकडे नेलेला हात मध्येच थांबवला आणि टेबलावरच्या फडक्यावर ठेवला.

तिने मनगटाने डोळे पुसले. मग आईच्या वळणाच्या त्या सरळ आवाजात विचारलं, "मग साठ कोणी लिहिलं?"

साठचा कागद तिच्याकडे होता. देखभालीची नोंदवही, पान एकशे चौदा. जुनी दप्तरं खुली झाल्यावर कोणीतरी या पानांचे फोटो मंडळाला दिले होते. खेळातला साठ तिथूनच आलेला. रडार तपासणी. पल्ला ६०. समाधानकारक. तारीख त्याच दिवसाची. सहीवर काळी पट्टी, कारण नावं झाकून मगच असले कागद बाहेर सोडतात.

"या पट्टीखालचा मेला कोण? तू होतास ना तिथे. तुला माहीत असेल."

सहाचं शेपूट उजवीकडे लांब ओढलेलं होतं. मामा आजही तसंच ओढतो, गोळ्यांच्या डबीवर वार लिहिताना, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पट्टी सहीवर होती. सहावर नव्हती.

"आमचा एक हेड मेकॅनिक होता," मामा म्हणाला. "गेला तो. बरीच वर्षं झाली."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हेड होता. गेलाही होता.

आकडा जुना आहे, म्हणून आधी ती जुनी गोष्ट.

रडारच्या नळीत ओल शिरली की रडार आंधळं होत जातं. म्हणून नळीला एक डबी असते, तिच्यात निळे खडे. ते ओल पितात, पिऊन पिऊन गुलाबी झाले की बदलायचे. तीन महिने नवे खडे आलेच नव्हते. तुकडीतले मेकॅनिक गुलाबी खडे शेगडीवर भाजून पुन्हा निळे करायचे. एकदा, दोनदा, पाचदा. फार भाजलेला खडा दिसतो निळाच, पण पाणी पीत नाही. त्या सकाळी मामाने डबी उघडली तर सगळं छान निळं होतं, आणि तपासणीत पल्ला आला बावीस.

"पुस्तकात किती?" हेडने विचारलं.

"साठ."

"मग साठ लिही. बावीस लिहिलंस तर विमान जमिनीवर बसेल, आणि वरून जाब मला विचारतील."

हे रोजचं होतं. वहीत पुस्तकातला आकडा जायचा. खरा आकडा शिडीवर सांगायचे. वैमानिक आत बसला की मेकॅनिक शिडी चढून त्याचे पट्टे आवळायचा, आणि आवळता आवळता कानाशी म्हणायचा: आज तीस. आज चाळीस, पण डावीकडे कमी. वैमानिक मान हलवायचा आणि तेवढ्या हिशेबाने उडायचा. याबद्दल तुकडीत कोणी कधी चकार शब्द काढला नाही, आणि शिडीवर सांगायला कोणी कधी विसरलंही नाही.

आदल्या संध्याकाळी बहिणीकडे जेवण होतं. वैमानिकाचे दोन दोस्त आले होते, दोघेही अधिकारी. घरी तो मामाचा मेहुणा, कामावर साहेब. दोन्ही एकाच ताटात आले की मामाला कुठे बघावं कळायचं नाही. "हे आमचे मेहुणे," तो दोस्तांना म्हणाला. "विमान मी उडवतो, हे पुसतात." दोस्त हसले. तेवढं चाललं असतं. पण बहीणही हसली, पोरीला मांडीवर घेऊन, तोंडावर हात धरून.

सकाळी शिडीवर त्याने स्वतःच विचारलं. "काय मेहुणे, आज किती?"

मामाने खांद्याचा पट्टा आवळला. जरा जास्तच.

"वहीत लिहिलंय, साहेब."

वैमानिक हसला. आज यंत्र खरंच साठ दाखवतंय असं वाटून हसला, की मेहुण्याचा रुसवा अजून उतरला नाही म्हणून? चौतीस वर्षं मामा त्या हसण्याचा अर्थ लावतोय. शिडी बाजूला ओढताना त्याने ठरवलं होतं, येऊ दे परत, मग सांगतो याला.

स्रोत :

बदल मंडळाकडे पाठवायचा तर ही ओळ भरावी लागते. कागद नसेल तर साक्षीदार चालतो.

"तूच लिही," भाची उठत म्हणाली. "तुझ्या शब्दांत. बाबांचं नाव धुऊन निघायला हवं, मामा. हजारो लोक खेळतात हे. मी चहा टाकते."

स्रोत : त्या तुकडीत काम केलेला एक माणूस.

हे पुसलं.

स्रोत : त्या तुकडीतला रडार मेकॅनिक. वहीतला आकडा हेडच्या सांगण्यावरून लिहिला गेला.

लिहिला गेला. जणू पेन आपल्या पायांनी चालत आलं होतं. तरी मामाने ओळ ठेवली. चालण्यासारखी होती. हेड काही उठून येणार नव्हता. आतून पातेल्याचा आवाज आला, आणि त्यामागून भाचीचा.

"त्या हेडला पोरंबाळं असतील ना रे?"

"दोन मुली."

"कळू दे त्यांनाही. आपला बाप काय लायकीचा होता ते कळू दे. एवढी वर्षं मी ऐकलं, आता त्या ऐकतील!"

मामाने कीबोर्ड पुन्हा जवळ ओढला. मग शेवटचं अक्षर पुसलं, त्याच्या आधीचं पुसलं, करत करत ओळ रिकामी केली.

स्रोत : वहीत ६० मी लिहिलं. तपासणीत २२ आलं होतं. वैमानिकाने शिडीवर विचारलं, तरी सांगितलं नाही.

भाची दोन कप घेऊन आली. उभ्यानेच वाचलं. कप ठेवले. पुन्हा वाचलं.

"शिडीवर काय म्हणालास?"

"वहीत लिहिलंय, साहेब."

"का?"

"आदल्या दिवशी चारचौघांत मला हसला होता." मोठ्याने म्हटल्यावर ते कारण केवढंसं होतं ते मामाला पहिल्यांदा ऐकू आलं.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"बत्तीस वर्षं तिच्या हातचं जेवलास," भाची म्हणाली. "दर शनिवारी. ती वाढता वाढता म्हणायची, लक्ष नव्हतंच त्यांचं. आणि तू काय करायचास?"

"जेवायचो."

तिने त्या ओळीतलं एक अक्षर बदललं नाही. तशीच मंडळाकडे पाठवून दिली. मग मामाच्या पुढचा कप उचलला, भरलेला, आत नेला, आणि चहा ओट्याच्या सिंकमध्ये ओतल्याचा आवाज आला.

"साडेपाचची बस मिळेल तुला," ती आतूनच म्हणाली. "चपला घाल."

मंगळवारी मामाच्या फोनवर मंडळाचं उत्तर आलं. भाचीने पुढे ढकललेलं. स्वतःचा एक शब्द त्यात नव्हता.

बदल नामंजूर. साक्षीदार स्वतःच सांगतो की त्याने खोटी नोंद केली. अशा माणसाचा दुसरा आकडा तरी खरा कशावरून? वेगळा कागद मिळाल्यास विचार करू. तोवर वहीत लिहिलंय तेच धरलं जाईल.

त्याच्याखाली उड्डाणावरची ताजी टीप होती: आता मेकॅनिकच्या डोक्यावर खापर फोडताहेत. साहेब झोपलेच होते.

मामाने एका बोटाने लिहिलं, "बावीसच होतं गं." पाठवलं. वाचल्याची खूण लगेच उमटली. फोन हातात धरून तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला, पडदा विझला की अंगठ्याने पुन्हा उजळवत.

पल्ला = ६०