दोनशे चार पौंड

आमच्या नदीकाठच्या गावांना रस्ता नाही. दवाखाना असो, लग्न असो, मयत असो, विमानानंच जायचं. आणि विमानात चढण्याआधी वैमानिक चारचौघांत वजन विचारतो. काटा कुणी आणत नाही. बाई जो आकडा सांगेल तो वहीत जातो. मी तीस वर्षं एकशे साठ पौंड सांगत आले. सांगायला लागले तेव्हा ते खरं होतं.

या सप्टेंबरात माझ्या लेकीची लेक टेसा म्हणाली, "सेत्सू, चल, वरून पानं बघून येऊ. आठवड्यात झडतील." सेत्सू म्हणजे आजी. एकटीनं विमान चालवायचा तिचा हा पहिलाच उन्हाळा. विमान माझ्या मुलाचं, तिच्या क्लिफर्डमामाचं. चाकांच्या जागी लांब होड्या लावलेलं, नदीवरून उडणारं, नदीवरच उतरणारं. ते टेसाच्या हातात देताना क्लिफर्डनं माझ्यासमोर सांगितलं होतं, "ज्या दिवशी मला तुला आणायला यावं लागेल, त्या दिवशी किल्ली माझ्याकडे." क्लिफर्ड शब्द मागे घेत नाही. ही खोड त्यानं माझ्याकडूनच उचलली आहे.

माझी नणंद हिल्डाही निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. शहात्तर वर्षांची, वाळलेल्या मासळीसारखी. काठावर आल्या आल्या म्हणाली, "माझं एकशे तीस लिही." अजून विचारलंही नव्हतं.

टेसा पंपानं होड्यांत झिरपलेलं पाणी उपसत होती. "सेत्सू, तुझं?"

"एकशे साठ."

हिल्डा खोकली. तिला खोकला नव्हता.

हिल्डा पुढे बसली, मी मागे. वर गेलो आणि मी काचेला नाक लावलं. नदीच्या दोन्ही अंगांना बर्चची झाडं पिवळीधमक. मधेमधे काळा स्प्रूस, अंगावर रंग चढवून घ्यायला तयारच नाही. झाडं संपतात तिथून वरचे डोंगर तांबडे, धुराच्या खोपटात टांगलेल्या साल्मनसारखे. एका डबक्यात मूस उभा होता, घोड्याहून थोराड हरीण. त्यानं मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागला.

"तो तुझ्या नवऱ्यासारखा दिसतो," मी हिल्डाला म्हणाले.

"शिंगं तरी आहेत त्याला," हिल्डा म्हणाली.

पाऊण तासानं एक लहान तळं आलं. हिल्डा काचेवर बोटानं टकटक करायला लागली. "इथं उतरव. इथं आमच्या बापाचा हिवाळ्याचा तळ होता. चहा पिऊ, बेरी खुडू."

टेसानं दोन घिरट्या घातल्या. "तळं आखूड आहे. पण तुम्ही दोघी मिळून दोनशे नव्वद म्हणजे निघता येईल. सेत्सू, आकडा नक्की ना?"

"मी काय खोटं बोलते?"

हिल्डा खिडकीबाहेर बघत राहिली.

उतरलो. चहा झाला, सुकी मासळी झाली, लाल बेरींनी दोन डबे भरले. हिल्डा मधेच टेकाडामागे गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा लाल होता. पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. म्हाताऱ्या बाईला टेकाडामागे वेळ लागतो, म्हणून मी काही विचारलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा वारा पडला होता. पाणी आरशासारखं. अशा पाण्याला होड्या चिकटून बसतात. टेसानं इंजिनाचा जोर पूर्ण वाढवला, विमान थरथरत धावलं, पलीकडची झाडं मोठी होत गेली आणि तिनं इंजिन कमी केलं. पुन्हा मागे आलो. पुन्हा धावलो. पुन्हा तेच.

पोरीचे कान लाल झाले होते. "आकड्यांप्रमाणे उडायला हवं होतं. का उडत नाही तेच कळत नाही. आणि कळल्याशिवाय मी तिसऱ्यांदा धावणार नाही."

"एकेकीला ने मग," हिल्डा म्हणाली.

"परत यायला तेल पुरणार नाही." तिचा हात रेडिओकडे गेला. "मामाला बोलवावं लागेल."

मी सात बाळंतपणं काढली आहेत. मासे वाळवायच्या तळावर एकटीनं अस्वल पाडलं आहे. पण तो आकडा जिभेवर यायला तयार नव्हता, आणि तोही हिल्डासमोर. ती वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत सांगत सुटली असती. पोरीचं बोट रेडिओच्या बटणावर टेकलं.

"दोनशे चार," मी म्हणाले.

टेसा वळली. "काय दोनशे चार?"

"मी. दवाखान्यात मोजलं होतं. जूनमध्ये."

हिल्डा म्हणाली, "मी तर दोनशे वीस धरून होते."

टेसा हसली नाही. वही काढून तिनं जुना आकडा खोडला, नवा लिहिला. मग म्हणाली, "हिल्डाआजी, तुझं?"

"एकशे तीस. मी जन्मात खोटं बोलले नाही."

"आणि पिशवीचं?"

हिल्डानं पिशवी पायांमागे सरकवली. आतून दगडावर दगड वाजला.

"वाफेनं अंग शेकायच्या खोपटासाठी," ती म्हणाली. "नदीवरचे दगड तापले की फुटतात. हे आमच्या बापाच्या वेळचे. यांना कधी तडा जात नाही."

"किती आहेत?"

"सातच."

दार उघडून ते सातही मीच तळ्यात टाकले, एकेक करून, सावकाश. प्रत्येक डुबुक आवाजाला हिल्डा डोळे मिटून घ्यायची. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

टेसानं आकडेमोड केली. मला पुढे बसवलं, हिल्डाला मागे. "आता होईल. फक्त थोडा वारा हवा. पलीकडच्या बर्चांकडे बघत राहा."

आम्ही तिघी एका झाडाकडे बघत बसलो. मी पानं बघायला आले होते, पण इतकं लक्ष देऊन मी ती पहिल्यांदाच बघत होते. पान हलेना. हिल्डाही बोलेना, म्हणजे केवढी शांतता असेल. मग शेंड्याजवळचं एक पान थरथरलं, मग फांदी, मग अख्खी पिवळी उतरण सळसळली आणि पाण्यावर सुरकुत्या धावत आमच्याकडे आल्या.

"धरून बसा," टेसा म्हणाली.

होड्या पाण्याला धडधड आपटल्या, मग नुसत्या सरकल्या, मग काहीच आपटेना. बर्चचे शेंडे आमच्या पायाखालून गेले.

गावात क्लिफर्ड काठावर उभा होता. त्यानं दोर धरला आणि नेहमीप्रमाणे वही मागितली. टेसानं वही दिली, आणि दोनदा धावून थांबावं लागलं तेही न विचारता सांगून टाकलं. किल्ली तिनं तळहातावर काढूनच ठेवली होती.

क्लिफर्ड वाचत होता. "हे दोनशे चार कोण?"

"मोठ्यानं वाच," मी म्हणाले. "तुझी आई आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग टेसाकडे. "अठरा वर्षं मी विचारतोय. मला एकशे साठच मिळालं." तिची मूठ त्यानं किल्लीवर मिटली. "उद्या डाक घेऊन तूच जा."

हिल्डा तोवर घाईघाईनं चढावाला लागली होती. आकडा पोचवायला, दुसरं काय. मी तिच्या पुढे निघाले आणि पहिल्या तीन घरांत मीच सांगून टाकला. सोबत सात दगडांचंही सांगितलं.