नऊवरून थेट अकरावर

बंद डबा दिसला की ताईला राहवत नाही. घड्याळं दुरुस्त करण्यात तिची तीस वर्षं गेली, पण जे बिघडलेलंच नाही तेही उघडून बघायची खोड काही गेली नाही. त्यामुळे धाकट्या भावाने आपला संगणक तिच्या हवाली केला, तो मनावर दगड ठेवूनच.

धाकटा भाषांतरं करतो. त्याला दिसत नाही. संगणक पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगाने की ताईला नुसती कटकट ऐकू येते. संगणकावर लिनक्सची एक प्रणाली आहे, जगभरच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात मिळून बनवलेली. त्यातली जुन्या यंत्रांसाठीची 'हलकी आवृत्ती' तो वापरायचा. ती आता बंद होणार होती. नऊ क्रमांकाच्या आवृत्तीवर असलेल्यांनी आधी दहावर जायचं, मग अकरावर, आणि अकरात हलकीवाल्यांनी मुख्य आवृत्तीत मुक्कामाला यायचं, असं ठरलं होतं.

"नऊ, दहा, अकरा," पोहायला निघताना धाकट्याने बजावलं. "मधलं गाळायचं नाही. आवाज गेला तर माझं कामच बसलं म्हणून समज."

"कळलं रे बाबा. जा तू, मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच सांगतोय."

ताईने आधी त्याच्या सगळ्या फायलींची प्रत काढून घेतली. इथवर ती शहाण्यासारखी वागली. मग तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दहावर राहायचंच नाही, तर तिथे जायचं कशाला? गाळलं तर काय होतं? असा प्रश्न पडल्यावर गप्प बसेल ती ताई कसली! कुठून काय उतरवून घ्यायचं ते ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, तिथे तिने नऊ खोडून थेट अकरा लिहिलं.

सगळं सुरळीत पार पडलं. नवा पडदा झळकला, स्पीकर 'टुण्' करून वाजला. बोललं मात्र कुणीच नाही. ताईने सगळी बटणं चालू-बंद करून पाहिली. यंत्राने तोंड उघडलं नाही. धाकटा तासाभरात परतणार होता.

पण ही प्रणाली बनवणाऱ्या मंडळींची एक गोष्ट झकास होती. कुणी काय बदललं आणि का बदललं, सगळं इंटरनेटवर नोंदलेलं, कुणीही वाचावं. मागचं झाकण कायमचं उघडं असलेलं घड्याळच जणू! भीती बाजूला राहिली आणि ताई त्यात बुडून गेली. दहामध्ये असं काय होतं, जे अकरात नाही?

अर्ध्या तासाने सापडलं. चाळीस ओळींचा एक छोटा प्रोग्राम. हलक्या आवृत्तीतल्या आवाजाच्या सगळ्या सेटिंग्ज उचलून मुख्य आवृत्ती शोधते त्या जागी ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. अकरात तो काढून टाकला होता, कारण सगळे दहावरूनच येणार, असं बनवणाऱ्यांनी धरलं होतं. वर टीप होती : "सहा वर्षांपूर्वीच्या एका तक्रारीपासून आपण प्रत्येक अपग्रेड एकदा पडदा बंद ठेवून करून बघतो. ही अडचण तसं करून बघतानाच कळली."

पडदा बंद ठेवून? कुणाची तक्रार? ताईने तीही उघडली.

"अपग्रेडनंतर माझा संगणक मुका झाला. मला दिसत नाही. यंत्र चालू आहे की बंद, हे तीन दिवस कळलं नाही. घरी विचारायला कुणी नव्हतं." खाली टोपणनाव होतं, बोका.

हे नाव लहानपणी ताईनेच धाकट्याला ठेवलं होतं. सहा वर्षांपूर्वीही ती दोनच गल्ल्या पलीकडे राहायची. रोज संध्याकाळी फोन करायची, आणि रोज तो सांगायचा, "मस्त चाललंय." ताईला फार वाईट वाटलं.

तिने दहामधला तो चाळीस ओळींचा प्रोग्राम उतरवून स्वतः चालवला. यंत्र भडाभडा बोलायला लागलं. एक शब्द कळत नव्हता, तरी ती ऐकत बसली.

धाकटा ओल्या केसांनीच आला आणि की-बोर्डवर बोटं फिरवून खूश झाला. "दहाला किती वेळ लागला?"

"गाळलं मी दहा," ताई म्हणाली, आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"वाटलंच मला."

"बोक्या, ते तीन दिवस मला का नाही सांगितलंस? हाकेच्या अंतरावर होते मी."

"तू धावत आली असतीस."

"मग?"

"आणि उघडून बघितलं असतंस."

ताईला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याला ते दिसलं नाही, पण नाक ओढल्याचं ऐकू गेलं.

"पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी फोन करतो," तो म्हणाला. "फक्त स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवून ये."