इटिओलेटेडचं मूळ

त्या एका शब्दातून प्रसेनजितला मिळण्यासारखं पुष्कळ होतं: कायम नोकरी, कॉलेजच्या मस्टरवर नाव आणि सासुरवाडीच्या 'सध्या काय करता?'पासून सुटका. अकरा वर्षं तो कारंज्याच्या कॉलेजात तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवत होता. जागा एकच निघाली होती. मुलाखतीला येणारे तज्ज्ञ साहेब सगळीकडे एकाच शब्दाचं मूळ विचारतात, ही खबर त्याने चार ठिकाणी फोन करून काढली होती.

आदल्या दिवशी तो प्रयोगशाळेत कपाट आवरत असताना हरीओम आला. धनजचा, त्याचाच जुना विद्यार्थी, आणि उद्याचा दुसरा उमेदवार.

"सर, एक डाऊट होता. इटिओलेटेड मंजे अंधारात वाढलेलं पिवळं रोप. पण हा शब्द आला कुठून?"

गप्प बसायला काय लागत होतं? पण शंका ऐकली की प्रसेनजितचा हात आपोआप खडूकडे जाई.

"फ्रान्सातल्या नॉर्मंडीच्या शेतकऱ्याइचा शब्द हाय, बाबू. पीक कापल्यावर वावरात उरते ना, थे काड, धसकट. उजेड नसला का रोप काडावानी नुसतं उंच होते, अंगात काई नसते. त्याच्याई मांगं लॅटिनमदला काडाचाच शब्द हाय."

त्याने फळ्यावर रोपही काढून दाखवलं.

घरी बायकोने, पल्लवीने कपाळावर हात मारला. "काहून सांगतलं त्याले?"

"तो इचारून राह्यला होता न वं."

"उद्या खुर्ची मांगन. देसान?"

मुलाखतीला हरीओम आधी आत गेला. दाराबाहेरच्या बाकापर्यंत साहेबांचा आवाज आला, "वा! इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं." मग प्रसेनजितची पाळी. तोच प्रश्न, तेच उत्तर. साहेब हसले.

"दाराशी कान लावून बसला होता वाटतं?"

'मीच शिकवलं' एवढे दोन शब्द पुरले असते. पण आपल्याच विद्यार्थ्याचं उत्तर उसनं आहे, हे मास्तराने कोणत्या तोंडाने सांगावं?

"नाही सर," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी हरीओम पेढे घेऊन पाया पडला. कायम माणूस आल्यामुळे प्रसेनजितचे तास संपले होते.

"सर, उद्याचा पयला तास कुठून सुरू करू?"

प्रसेनजितने त्याला बसवून घेतलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं.

साहेबांना उत्तर मिळालं, हरीओमला जागा, पोरांना नवे सर. तिघांच्याही वाट्याची किंमत प्रसेनजितने भरली. पल्लवीने त्याच आठवड्यात साड्यांच्या दुकानात काम धरलं, ते वेगळं.