तू सांग, मी पुकारतो

पंकजाच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आवाजाची शीर गाठीला अगदी चिकटून आहे, थोडे दिवस आवाज बसेल. गाठ साधी निघाली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण बसलेला आवाज काही उठेना. पावसाळा सरत आला तरी ती बोलायला लागली की नुसती हवा बाहेर पडायची. शेजारी बसलेल्याला कळायचं, समोरच्याला फक्त ओठ हलताना दिसायचे.

"येईल," डॉक्टर म्हणाले, "पण कधी आणि किती, ते आज सांगता येणार नाही. जोर मात्र लावू नका."

पंकजाचं कामच बोलण्याचं होतं. दर रविवारी सकाळी ती बाहेरगावच्या लोकांना नगर शहर पायी फिरवायची. माळीवाड्याच्या विशाल गणपतीपासून निघायचं, जुन्या गल्ल्यांतून चर्चला जायचं, मग कापड बाजारातलं जैन मंदिर, आणि शेवटी रिक्षानं दमडी मशीद. शिर्डी आणि शिंगणापूर करून परतणारी माणसं नगरात नुसती चहाला थांबतात, याचं तिला फार वाईट वाटायचं. त्यातली थोडी तरी गावात वळवावीत म्हणून तिनं ही फेरी सुरू केली होती, आणि हळूहळू तिचं नाव झालं होतं.

सावेडीतल्या त्यांच्या घरात ती, तिचा नवरा कल्याण आणि सासरे छगनतात्या अशी तीनच माणसं. कल्याण सुप्याच्या कंपनीत शिफ्टवर जायचा. तात्यांनी सगळा जन्म पारनेरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवला होता. त्यांनी भाव पुकारला की आवाराच्या दुसऱ्या टोकाला टेम्पोत झोपलेला ड्रायव्हर उठून बसायचा, असं लोक सांगत. पण घरात हा माणूस जवळजवळ मुकाच. सुनेशी तर सरळ बोलणं कधी नव्हतंच. जे काही असेल ते सासूबाईंच्या मार्फत. "तिला म्हनावं, भाकरी कडक झाली तरी चालंल," असं तात्या मनकर्णाबाईंना सांगायचे, आणि पंकजा तिथंच उभी असायची. दोन वर्षांपूर्वी मनकर्णाबाई गेल्या आणि मधलं माणूसच गेलं. तेव्हापासून ताट वाढलं की पंकजा भांडं जरा वाजवायची, तात्या उठून यायचे. एवढ्यावर चाललं होतं.

त्या शनिवारी संध्याकाळी कल्याण फोनवर होता. नाशिकच्या सात-आठ जणांनी गाठ निघायच्या आधीच दुसऱ्या दिवशीची फेरी ठरवून ठेवली होती.

"मॅडमची तब्येत बरी नाही," तो सांगत होता. "उद्याचं जमणार नाही. पुढचंही काही सांगता येत नाही."

पंकजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

कॉटवर बसलेले तात्या म्हणाले, "कल्याण, फोन ठिवू नको. त्यांना म्हनावं या."

"अहो तात्या, तिला बोलता कुठं येतंय?"

"बोलता येतंय. ऐकू जात न्हाई." मग पहिल्यांदाच त्यांनी पंकजाकडं बघितलं. "तू सांग, मी पुकारतो."

सकाळी ते तिच्या आधी तयार होऊन बसले होते. परीटघडीचा पांढरा सदरा, टोपी, आणि पायात सणावाराला काढायच्या वहाणा. रिक्षात दोघांच्या मधे त्यांनी आपली पिशवी ठेवली.

गणपतीच्या देवळाबाहेर नाशिकची मंडळी जमली होती. त्यांतल्या रुपालीताई म्हणून एका शिक्षिकेनं ही सहल जुळवली होती. पंकजानं हात जोडले, गळ्यावरच्या व्रणाकडं बोट केलं आणि तात्यांकडं वळली. तात्या वाकले. सुनेच्या इतक्या जवळ ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी कान पुढं केला आणि नजर जमिनीवर ठेवली.

पंकजा कुजबुजली, "निजामशाहीच्या काळात हे शहर वसलं. व्यापारामुळं इथं निरनिराळ्या धर्मांचे लोक आले आणि त्यांनी आपापली प्रार्थनास्थळं बांधली."

तात्या सरळ उभे राहिले आणि त्यांनी गळा मोकळा केला.

"ऐका मंडळी. मॅडम म्हनत्यात, निजामशाहीत हे गाव वसलं. मंग बाजार भरायला लागला. आता बाजार म्हनलं की समदीच आली. गुजर आला, मुसलमान आला, माळी आला, कोष्टी आला. आन् मानूस आला की त्याचा देव मागं येतोच. त्याला कुठंतरी बसवाय पायजे का नगो?"

हाराच्या दुकानातला माणूस हार ओवायचा थांबून बघायला लागला. रुपालीताई हसल्या. पंकजाला मात्र घाम फुटला. गुजर, माळी, कोष्टी असं काही ती बोललीच नव्हती. तिनं पुन्हा तात्यांच्या कानाशी तोंड नेलं, "तात्या, मी सांगते तेवढंच सांगा."

"मॅडम म्हनत्यात, मी सांगते तेवढंच सांगा," तात्यांनी पुकारलं.

सगळे खळखळून हसले. पंकजालाही हसू आवरलं नाही. हसायला आवाज लागत नाही हे तिला त्या दिवशी कळलं. गाठ काढल्यापासून ती अशी हसलीच नव्हती.

मग मात्र त्यांची लय जमली. गल्लीबोळांतून चालताना ती दोन वाक्यं सांगायची, तात्या त्यांची चार करायचे. तिचं 'स्थापत्य' त्यांच्या तोंडून 'बांधकाम' होऊन बाहेर यायचं आणि 'आश्रयदाता' म्हणजे 'ज्यानं पैसं लावलं तो'. जिथं त्यांना कळायचं नाही तिथं ते पुकारायचेच नाहीत. वळून तिला विचारायचे, "म्हंजी काय?" आणि ती पुन्हा, सोपं करून सांगायची. लोकही थांबायचे. एकदा तर एका गृहस्थानं म्हटलं, "बरं झालं तुम्ही विचारलंत, मलाही नव्हतं कळलं."

चर्चपाशी पोचले तेव्हा रविवारची उपासना अजून संपली नव्हती. आतून गाण्याचा आवाज येत होता. दारातल्या एका वयस्क गृहस्थांनी पंकजाला ओळखलं आणि हातानंच खुणावलं, की मागच्या बाकांवर बसा. सगळे हळूच आत जाऊन बसले. टोपी काढावी की ठेवावी, हे तात्यांना कळेना. इकडंतिकडं बघून त्यांनी ती काढून मांडीवर ठेवली.

आतल्या मंडळींची प्रार्थना सुरू झाली. इथं पुकारणं शक्यच नव्हतं. तेव्हा रुपालीताई बाकावरून सरकत पंकजाजवळ आल्या आणि त्यांनी डोकं पुढं केलं. मागोमाग बाकीचेही आले. कुणी पुढच्या बाकावरून मागं वळलं, कुणी खाली वाकलं. पंकजा बोलायला लागली. मिशनरी लोक इथं कसे आले, ते मराठी कसे शिकले, दुष्काळात टाकलेली मुलं त्यांनी कशी सांभाळली, इथल्या लोकांनी आपल्याच चालींवर देवाची गाणी कशी रचली. तिचा आवाज तेवढ्या माणसांपुरता पुरत होता. शब्द ओढावा लागत नव्हता की पुन्हा सांगावा लागत नव्हता.

तात्या सगळ्यांच्या मागं होते. त्यांनी आजवर सुनेचं हे बोलणं कधी ऐकलं नव्हतं. ती रविवारी कुठं जाते, काय करते, तर लोकांना देवळं दाखवते, एवढंच त्यांना माहीत होतं. आता ते मान वाकडी करून, कानामागं हात धरून ऐकत होते. दुष्काळातल्या मुलांचं ऐकताना त्यांनी मांडीवरच्या टोपीनं तोंड पुसलं.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "हे मला न्हाई जमनार पुकारायला. हे असंच चांगलं लागतं."

जैन मंदिर बघून मंडळी रिक्षांत बसली. भुईकोट किल्ल्याच्या पलीकडं दमडी मशिदीपाशी उतरली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मशीद लहानशी, पण तिचा दगड असा कोरलेला की बघणारा आपोआप गप्प होतो. पंकजा सांगत गेली, तात्या पुकारत गेले. किल्ल्याच्या कामावर खपणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, असं लोक सांगतात, हे तिनं सांगितलं. ते पुकारताना तात्यांनी आपलं काही घातलं नाही. फक्त शेवटी भिंतीवर तळवा टेकवून ते म्हणाले, "हमाला-मजुराची हाय म्हना की ही," आणि हात बराच वेळ तिथंच ठेवला.

लोकांचे फोटो काढून झाले. पंकजानं सगळ्यांना सावलीत बोलावलं. तिनं रात्रीच मनाशी ठरवून टाकलं होतं. आजची फेरी झाली की बस्स. दर वेळी म्हाताऱ्या माणसाला उन्हात फिरवणं बरं नव्हतं. आणि उसन्या आवाजावर किती दिवस चालायचं? ती तात्यांच्या कानाशी झुकली.

"त्यांना सांगा, ही माझी शेवटची फेरी. गळा साथ देत नाही. आजपर्यंत जे आले, त्या सगळ्यांचे आभार."

तात्या सरळ झाले. लोक त्यांच्याकडं बघत राहिले. सकाळपासून ज्या गळ्यातून शब्द धो धो बाहेर पडत होता त्यातून आता काही येईना. त्यांनी एकदा मशिदीकडं बघितलं, एकदा स्वतःच्या वहाणांकडं.

मग ते म्हणाले, "मॅडम म्हनत्यात, फुडल्या ऐतवारी बी फेरी निघनार हाय. तुमच्या वळखीच्यांना सांगा."

पंकजानं त्यांची बाही धरली. पाया पडण्यापलीकडं सासऱ्याला हात लावायची तिची ही पहिलीच वेळ, पण ते तिच्या ध्यानातही आलं नाही. "तात्या, मी असं म्हणाले नाही."

"मला तसंच ऐकू आलं."

"तात्या."

"लिलाव पुकारनाऱ्याला जेवढं ऐकू येतं तेवढंच तो पुकारतो," तात्या म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही, जरा फाटला.

रुपालीताई अगदी जवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला दोन्ही ऐकू आलं. पण आम्ही तात्यांचंच धरून चालू." आणि त्यांनी पंकजाचा हात हातात घेतला. "माझ्या शाळेतल्या बाई पुढच्या महिन्यात यायचं म्हणतायत. त्यांना तुमचा नंबर देते."

मंडळी निघून गेली. पंकजा आणि तात्या रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले. चहा आला. तात्यांनी तो बशीत ओतला, फुंकला, पण प्यायले नाहीत.

"तुला राग आला आसंल," ते म्हणाले.

पंकजानं मान हलवली. हो की नाही, ते तिलाही ठरवता येईना.

"तुझ्यासाठी केलं असं मी म्हननार न्हाई. खोटं कशाला बोलू." ते बशीकडं बघत बोलत होते. "घर लई गप झालंय. ती गेल्यापास्नं मला कुनी काय सांगतच न्हाई. कल्याण येतो, जेवतो, निजतो. तू बिचारी भांडं वाजिवती. आज सकाळपास्नं कुनीतरी माझ्या कानाशी बोलत हुतं. मला वाटलं, हे आज संपायला नगो."

टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. पंकजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सरकून तात्यांच्या बाजूला बसली आणि त्यांच्या कानाशी झुकली.

"चहा निवतोय," ती म्हणाली. आणि मग, "पुढच्या रविवारी टोपीबरोबर छत्रीही घ्या. ऊन फार लागलं तुम्हाला."

"व्हय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

घरी आल्यावर संध्याकाळी पंकजानं पानं वाढली, आणि भांडं न वाजवता बाहेर जाऊन कॉटपाशी उभी राहिली. "जेवायला चला," ती कुजबुजली. तात्या पुढं वाकले. "काय म्हनलीस?" तिनं पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतरचे रविवार दोघांनी मिळून केले. एकदा दमडी मशिदीच्या दगडावर कोरलेल्या अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवून तात्यांनी "हे काय लिवलंय?" म्हणून विचारलं, पण तेवढ्यात मंडळी निघाली आणि उत्तर राहून गेलं. गळ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडं पंकजा जायला लागली. घरात बसून ती 'आऽ' 'ईऽ' करायची आणि बाहेरून तात्या सांगायचे, "कालच्यापरीस बरा लागतोय." थंडी पडेपर्यंत आवाजाला धार आली. पूर्वीचा गोड आवाज काही आला नाही. हा जाडसर होता, मधेच खरखरायचा. पण पाच-दहा पावलांवरच्या माणसाला स्वच्छ ऐकू जायचा.

ज्या रविवारी पंकजानं सगळी फेरी स्वतः सांगितली त्या दिवशी तात्या मुद्दामच आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. पुढच्या रविवारीही दुखला. तिसऱ्या रविवारी ती चप्पल घालून त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तात्या, चला."

"आता माझं काय काम? तुझा आवाज आला की."

"आवाज आला. पण दगडावरची ती ओळ काय आहे, असं तुम्ही मागं विचारलं होतंत. ते तुम्हाला सांगायचं राहिलंय."

तात्या उठले, त्यांनी सदरा बदलला.

त्या दिवशी त्यांनी काहीच पुकारलं नाही. लोकांच्या मागं मागं चालत राहिले. दमडी मशिदीपाशी मंडळी फोटो काढायला पांगली तेव्हा पंकजा त्यांना भिंतीजवळ घेऊन गेली. त्या कोरीव अक्षरांपाशी दोघं वाकून उभे राहिले, आणि ती बोटानं एकेक वळण दाखवत त्यांना सांगायला लागली.