दाराजवळची खुर्ची

मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. मनाच्या आजारांच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत, दाराजवळ माझी जागा होती. टेबलापलीकडे डॉक्टरीणबाईंची फिरती खुर्ची. टेबलाला लागून नातेवाइकांची गादीची खुर्ची. आणि ज्याच्यापायी हा सगळा खटाटोप, तो पेशंट लांब, माझ्यावर. तिथली रीतच तशी. बाई विचारणार नातेवाइकाला, सांगणार नातेवाईक, आणि पेशंट आपला छताचा पंखा बघत बसणार.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझे चारही पाय जमिनीला नीट टेकत होते. माझ्यावर उभा राहून तो म्हणाला होता, हत्ती बसला तरी ही हलायची नाही. हत्ती काही आला नाही. रोज आलं ते फिनेलचं पाणी. लादी पुसून पुसून माझा मागचा एक पाय कुजला आणि बोटभर झिजला. तेव्हापासून माझ्यावर बसणारं माणूस डोलायचं. कितीही शांत असो, डोलायचंच.

शिवणकाम करणारी एक बाई यायची. धाकटा भाऊ तिला घेऊन यायचा. भाऊ वाईट नव्हता. बहिणीसाठी कामावरून सुट्टी काढायचा, ते मी का लपवू? पण तिची झोप, तिची भूक, तिचं रडू, सगळं तोच सांगायचा. जणू ती बाहेरगावी गेलीय. मग डॉक्टरीणबाई मान वर करून माझ्याकडे बघायच्या. ती डोलत असायची.

"चुळबूळ आहे अजून. गोळी थोडी वाढवू या."

दोष माझ्या पायात, गोळी तिच्या पोटात! पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना. गिऱ्हाइकं कापड परत नेऊ लागली. तिने एकदा तोंड उघडलं, तर भाऊ म्हणाला, "ताई, गप्प बस ना. मी सांगतोय ना नीट."

मला तोंड नाही, मित्रांनो. तिला होतं. पण त्या खोलीत दोघींची किंमत सारखीच.

मग एके दिवशी भावाने सांगितलं की तिची शिलाई मशीन आता विकून टाकावी म्हणतोय, नुसती धूळ खातेय. डॉक्टरीणबाई "बरं" म्हणणार, एवढ्यात ती उठली. आवाज जराही चढवला नाही.

"डॉक्टर, तुम्ही बसा बघू इथे."

भाऊ तिला आवरायला धावला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. का कोण जाणे, त्या उठून आल्या आणि माझ्यावर बसल्या. मी मनापासून डोलले. त्यांनी पाय रोवले, तरी डोलले.

"आता तुम्हाला किती गोळ्या द्यायच्या?" ती म्हणाली.

बाईंनी वाकून माझा झिजलेला पाय बघितला. मग गादीची खुर्ची तिच्याकडे सरकवली, स्वतः माझ्यावरच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा." ती सांगत गेली. भाऊ दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यातलं बरंचसं त्यालाही नवं होतं.

आजार पळाला नाही, खोटं कशाला बोलू? गोळी अजून आहे, पण दोघींनी बोलून ठरवलेली, हळूहळू कमी केलेली. मशीन घरीच आहे. परवा ती आली तेव्हा तिच्या कॉलरला सुई टोचलेली होती, दोरा ओवलेली.

माझ्या पायाला सुताराने तुकडा जोडलाय. आता मी टेबलाला लागून असते. पण शेजारच्या खोलीत माझी बहीण अजून दाराजवळच आहे. तिच्यावर बसलेल्या माणसाबद्दल आत्ता, या घटकेला, दुसरंच कुणीतरी बोलतंय.

मी लाकूड आहे, मित्रांनो. मला न विचारता उचला, हलवा, अडगळीत टाका. माणसाला मात्र आधी विचारा. आणि तो बोलायला लागला, की तुम्ही गप्प बसा.